त्रेचाळीस मिनिटे वीस सेकंद

मी एक जुने स्टॉपवॉच आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी काहींनी माझ्यासारखे एखादे खेळाच्या तासाला पाहिले असेल, सरांच्या गळ्यात काळ्या दोरीला लोंबणारे. माझ्या काचेवर दोन चरे आहेत. अंगठा टेकतो त्या जागेचा मुलामा उडाला आहे आणि आतले पितळ दिसते. किती वाजले, हे मात्र मला विचारू नका. ते मला कधीच कळले नाही. अमुक कामाला किती वेळ लागला, एवढेच मी सांगू शकतो, आणि तेही कोणी माझे बटण दाबून मला सुरू केले तर.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्यामुळे एक फार वाईट गोष्ट घडली, आणि ती घडली तेव्हा मी एका सेकंदाचीही चूक केली नव्हती.

माझा जन्म एका कारखान्यात, खिडकीलगतच्या लांब टेबलावर झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईंनी माझ्यात स्प्रिंग बसवली, चाके बसवली, मग मला उताणे, पालथे, उभे आणि आडवे असे चारही प्रकारे ठेवून तासभर तपासले. तासाला सेकंदाच्या दोन-पंचमांश भागाइतका मी मागे पडत होतो. बाई शेजारणीला म्हणाल्या, "हे पाठव गं पुढे. प्रामाणिक आहे." माझ्याविषयी कोणी काढलेले ते पहिले शब्द. पुढे माझे पुष्कळ कौतुक झाले, पण त्या शब्दांची सर दुसऱ्या कशाला आली नाही.

एका शाळेने मला विकत घेतले आणि खेळाच्या सरांच्या स्वाधीन केले. त्यांच्या गळ्यात मी बावीस वर्षे राहिलो. सकाळी मैदानावर पाऊल टाकण्याआधी सर मला किल्लीचे अकरा वेढे देत. बारावा कधीच नाही. स्प्रिंगला ताण पडतो, म्हणत. शर्यत संपली की घामेजलेली मुले माझ्याभोवती कोंडाळे करून ओरडत, "सर, माझे किती? सर, माझे किती?" सर मला त्यांच्या डोळ्यांसमोर धरत. कोणी नाचे, कोणी रडे, एखादा म्हणे, "घड्याळ बिघडलंय सर." एकदा मोठ्या सामन्यांच्या दिवशी पाहुण्यांचे सेलवरचे नवेकोरे घड्याळ ऐन वेळी बंद पडले आणि सगळ्या अंतिम फेऱ्या माझ्यावर घेतल्या गेल्या. मुख्याध्यापकांनी मला हातात घेऊन सगळ्यांना दाखवले. ते माझे वैभवाचे दिवस होते.

सर निवृत्त झाले तेव्हा शाळेने मला एका डबीत घालून त्यांनाच भेट दिले. दीड वर्षाने सर गेले. त्यांच्या पत्नीने मला शिवणाच्या टेबलाच्या खणात ठेवले. घरात त्यांची लेक त्यांना आई म्हणे, म्हणून मीही आईच म्हणतो. त्या खणात मी सहा वर्षे होतो. दोऱ्याची रिळे, खडूचे तुकडे, बिनजोडीची बटणे, आणि मी. कोणी किल्ली दिली नाही. माझ्या आतले तेल घट्ट होत गेले. आईने मला टाकून दिले होते असे नव्हे. खण उघडला की ती मला बोट लावून बाजूला सारी, रीळ काढी आणि खण लावी. त्या सहा वर्षांत तिने मला एकदाही बाहेर काढले नाही, आणि का काढले नाही ते मला बोटाच्या त्या स्पर्शावरून कळे.

आई घरी शिवणकाम करी. पँटची उंची कमी करणे, चेन बदलणे, फाटके रफू करणे. पण तिचा खरा हात भरतकामाचा. ती भरत असे तेव्हा कापडाची उलटी बाजू सुलट बाजूइतकीच स्वच्छ असे. एकही गाठ दिसत नसे. लेक एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात बिलाच्या काउंटरवर होती. पुढे लोक फोनवरच कपडे घेऊ लागले आणि दुकान बंद पडले. लेक तीन महिने घरी बसून होती. त्या दिवसांत खणाबाहेरून मला तिचा आवाजच येत नसे.

मग एक साधी गोष्ट घडली. गल्लीच्या तोंडाशी दोरे-बटणांचे दुकान चालवणारी एक बाई होती. लेक तिला लहानपणापासून रीळमावशी म्हणे. रीळमावशीच्या नातीने छत्री घेतलेल्या व्हेल माशाचे चित्र काढले होते. आईने ते चित्र जसेच्या तसे, वाकड्यातिकड्या रेघांसकट, नातीच्या पांढऱ्या सदऱ्यावर भरून दिले. रीळमावशीने तो सदरा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला, दोरा घ्यायला आलेल्याला आणि नुसता पत्ता विचारायला आलेल्यालाही. आठवड्यात चौघीजणी आपापल्या मुलांची चित्रे घेऊन दारात उभ्या राहिल्या.

लेक बऱ्याच दिवसांनी हसली. "आई, ज्यांनी आपलं दुकान बुडवलं ना, आपण त्यांच्याच फोनवर दुकान मांडू. मुलाचं चित्र पाठवा, सदऱ्यावर भरून मिळेल."

"अगं, पण कोण घेईल?"

"ते मी बघते. तू फक्त भर."

दुकान मांडायचे म्हणजे किंमत आधी लिहायची. आई आतापर्यंत किंमत तोंडी सांगत आली होती, तीही समोरच्याचा चेहरा बघून, आणि बहुतेक वेळा खाली उतरून. फोनवर चेहरा नसतो. लेकीने काउंटरवर वर्षे काढली होती, तिने कागद घेतला आणि रकाने आखले. कोरा सदरा, दोरे, खोका, पार्सलचे भाडे, वेबसाइटचे कमिशन. परत येणाऱ्या मालाची तूटही तिने धरली, कारण एकाच्या मुलाचे नाव आणि चित्र असलेला सदरा परत आला तर तो दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. सगळे रकाने भरले. एकच रिकामा होता. त्याच्यासमोर तिने 'आई' एवढेच लिहिले होते.

"दुसरे लोक याच्या निम्म्याला देतात," ती फोन बघत म्हणाली.

"ते छापतात गं. मशीनवर."

"गिऱ्हाईकाला फोटोत काय कळतंय? ते राहू दे. मला सांग, तुला एका चित्राला किती वेळ लागतो?"

"लागतो तेवढा लागतो."

"तेवढा म्हणजे किती? मला आकडा पाहिजे, आई. मी तुला फुकट राबवणार नाहीये. काउंटरवर मला तासाला जे मिळत होतं तेच तुझ्या तासाला लावणार आहे."

आईला ते फार आवडले असावे. तिने खण उघडला, मला बाहेर काढले, पदराने काच पुसली आणि लेकीच्या हातात दिले. "घे. तुझ्या बाबांचं आहे. याच्यावर बघ."

मित्रांनो, सहा वर्षांनी मला किल्ली मिळाली. घट्ट झालेल्या तेलातून काटा पहिल्या झटक्याला अडखळला आणि मग चालू लागला. लेकीने मला रीळमावशीच्या दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिले. तासाला अर्ध्या सेकंदाचाही फरक पडला नाही. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! आता तो आनंद आठवला की लाज वाटते.

नमुन्यासाठी चित्र निवडले ते चौघींपैकी एकीच्या मुलाचे: घर, झाड, आणि घराएवढी मांजर. फार सोपेही नाही, फार अवघडही नाही. लेक समोर बसली, तिने मला उंच धरले आणि अगदी तिच्या बाबांच्या सुरात म्हणाली, "तयार?"

आईने पाय जुळवले. पाठ ताठ केली. आणि लेकीने बटण दाबताच ती पळाली.

दुसरा शब्द मला सापडत नाही. ती खुर्चीवरच बसली होती, पण पळत होती. लेकीला वाटले, मोजायचे ते सुई कापडात शिरल्यापासून. तोवर आईने चित्र कार्बन कागदाने उतरवून ठेवले होते, रंग जुळवून ठेवले होते, आणि सात सुयांत सात रंगांचे दोरे ओवून त्या सुयांच्या उशीला टोचून ठेवल्या होत्या. त्या सगळ्याला चाळीसएक मिनिटे लागली असतील. ती माझ्यात आली नाहीत. भरताना ती पाणी प्यायली नाही, मान वर केली नाही, एक टाका चुकला तो उसवला नाही, त्याच्यावरूनच दुसरा मारला. श्वाससुद्धा तिने बेताने घेतला. सरांची पोरे शेवटच्या वळणावर घेत तसा.

सर असते तर त्यांनी हे पहिल्या पाच मिनिटांत ओळखले असते. घड्याळ दिसले की माणूस बदलते, हे त्यांना ठाऊक होते. संघ निवडायचा असे तेव्हा ते मला खिशात ठेवून, बोलता बोलता, कोणाला नकळत वेळ घेत. समोर धरून घेतलेली वेळ ते मुलाला सांगत, पण वहीत लिहीत नसत.

"झालं!" आई म्हणाली.

त्रेचाळीस मिनिटे वीस सेकंद.

"आई! पाऊण तासाच्या आत!" लेक ओरडली. आई हसत होती. कपाळावर घाम होता. लेकीने सदरा उजेडात धरला, फोटो काढला, पुन्हा आईकडे बघून मान हलवली. तिने सदऱ्याची उलटी बाजू पाहिली नाही. मी टेबलावरून पाहिली. सहा गाठी होत्या आणि लोंबते दोरे होते. कागदावरच्या रिकाम्या रकान्यात लेकीने 'पंचेचाळीस' लिहिले. वीस सेकंद सोडायचे नाहीत, उलट आईला दीडेक मिनिट जास्तच द्यायचे, असा तिचा हिशेब होता. त्या पोरीच्या मनात खोट नव्हती, हे मी कोणासमोरही सांगेन.

लेक आत गेल्यावर आईने उजवा हात नळाखाली धरला आणि अंगठा बराच वेळ चोळला.

दुकान चालले. किंमत ठरली होती पाऊण तासाची, आणि माल होता दोन तासांचा. असा माल कोणाला नको असेल? पहिल्या आठवड्यात अकरा ऑर्डरी आल्या, दुसऱ्या महिन्यापासून आठवड्याला पंचवीस-तीस. लेकीने आणखी एक चूक केली होती. उत्साहाच्या भरात पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते: 'कोणतेही चित्र, एकच किंमत.' मग लोकांनी कोणतेही चित्र पाठवले. एका मुलाने अख्खी सर्कस काढली होती, प्रेक्षकांसकट. एकीने आकाश काढले होते आणि तिच्या वडिलांनी सोबत लिहिले होते, 'तारे एकशे बारा आहेत, कृपया मोजून घ्यावेत.' एका गृहस्थांनी सदरा परत पाठवला, कारण चित्रातल्या मांजराला सहा पाय होते आणि आईने शहाणपणाने चारच भरले होते.

"बरोबर आहे त्यांचं," आई म्हणाली. "मांजर त्या पोराचं आहे. माझं थोडंच आहे?"

खर्च भागत होता, पण वर काही उरत नव्हते. एवढी विक्री होऊन उरत का नाही, हे लेकीला कळेना. तिने सकाळी दहा ते संध्याकाळी सहा एका औषधाच्या दुकानात काउंटर धरला. निघताना ती चार चित्रे टेबलावर ठेवी. परत येई तेव्हा चार सदरे घडी करून तयार असत.

"बघ, तीन तासांत तुझं काम होतं," ती म्हणे. "दुपारी पडतेस की नाही जरा?"

"पडते की. चांगली झोप लागते."

आई पडत नसे. लेक कोपऱ्यावर वळली की ती मला किल्ली देई, बटण दाबी आणि मला रिळांच्या मागे, स्वतःच्या नजरेआड ठेवी. माझा छोटा काटा साठ मिनिटांपर्यंतच जातो. एक फेरी पुरी झाली की ती खणातले एक बटण काढून टेबलावर ठेवी. एक बटण आणि बावन्न मिनिटे. दोन बटणे आणि दहा मिनिटे. सर्कशीला तीन बटणे आणि पस्तीस मिनिटे. काम संपले की ती मला हातात घेऊन बघत बसे. "तुला काय जातंय," असे एकदा म्हणाली. मग मला शून्यावर आणी, बटणे खणात टाकी, आणि दुसरे चित्र घेई. मोकळी दुपार, झोप, जेवणानंतरचा वेळ असे काही त्या दिवसांत उरले नव्हते. ती उभ्यानेच जेवे, खिडकीपाशी, म्हणजे पाठ सरळ होई.

ती खरे का बोलली नाही? मला विचाराल तर दोन कारणे होती. संध्याकाळी लेक फोनवरचे अभिप्राय वाचून दाखवी. 'इतके सुंदर आणि इतके स्वस्त!' आई म्हणे, "पुन्हा वाच." लेक दोनदा वाची. हे एक. आणि दुसरे असे, की तीन महिने गप्प बसलेल्या लेकीने पुन्हा बोलायला सुरुवात केली होती. त्या बोलण्याखाली जो आकडा होता तो आईनेच दिलेला होता. तो ती कोणत्या तोंडाने काढून घेणार?

पाचव्या महिन्यात सुई पडू लागली. आधी दिवसातून एकदा, मग तासातून एकदा. आई अंगठ्याऐवजी पहिल्या दोन बोटांत सुई धरू लागली. लेकीच्या नजरेला ते आले.

"हात दुखतोय का, आई?"

"नाही गं. सुई बोथट आहे."

लेकीने दुसऱ्या दिवशी नव्या सुयांचे पाकीट आणले.

ऑर्डरी तुंबल्या तेव्हा लेकीने रीळमावशीला तीन सदरे भरायला दिले. मावशीचा हातही चांगला होता. दोन दिवसांनी ती सदरे घेऊन आली आणि पायरीवरच बसली.

"पोरी, हे तुझे तीन. आणि चौथा नको देऊस बाई."

"का मावशी? मी तुम्हाला आईच्याच दराने पैसे देतेय. पाऊण तासाचे."

"पाऊण तासात काय होतं? मांजराची शेपटी? मला एकेकाला दोन तास लागले. वर दोरे ओवायचे, चित्र उतरवायचं ते वेगळंच."

"आईला त्रेचाळीस मिनिटं लागतात. मी स्वतः मोजलंय."

"मग तुझ्या आईला प्लगला लाव, अजून लवकर होईल." मावशीने आईकडे पाहिले. "काय हो वहिनी? खरं का हे?"

आई सदऱ्याची घडी मोडून पुन्हा घालत होती. "सवयीचं काम आहे," ती म्हणाली. "तुम्हालाही होईल."

मावशी तिच्या हाताकडे बघत बघत उठली.

त्यानंतर चारच दिवसांनी लेक दुपारी घरी आली. औषधाच्या दुकानातली वीज गेली होती आणि मालकाने सगळ्यांना सोडले होते. आईला चाहूल लागली नाही. ती खिडकीकडे तोंड करून एकशे बारा ताऱ्यांच्या सदऱ्यावर वाकली होती. तिने अंगठ्याला रुमाल घट्ट गुंडाळला होता. मी रिळांच्या मागे टिकटिकत होतो. शेजारी तीन बटणे होती.

"ही बटणं कसली, आई?"

आईने चटकन हात पुढे केला, पण लेकीने मला आधी उचलले. तिने माझ्याकडे पाहिले, बटणांकडे पाहिले, सदऱ्याकडे पाहिले. निम्मे तारे झाले होते. काउंटरवर काम केलेल्या मुलीला एवढी बेरीज करायला वेळ लागत नाही.

"तीन तास? निम्म्याला तीन तास?"

"हे अवघड आहे जरा."

"आणि बाकीचे? रोजचे चार?" तिचा आवाज फुटला. "तू मला खोटं सांगितलंस."

"खोटं कुठं? तुझ्यासमोरच तर केलं होतं."

"मग?"

"तू घड्याळ धरलं होतंस ना बाळ. धरल्यावर माणूस पळतं."

लेक खाली जमिनीवर बसली. तिने आईचा रुमाल सोडला. अंगठा सुजून बुडाशी गाठ आली होती, आणि वाकवला की टणकन अडकत होता. ती आईच्या मांडीवर डोके ठेवून रडली. आई डाव्या हाताने तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणत होती, "उगीच. काही झालं नाही. उगीच." मी लेकीच्या मुठीत चालूच होतो. त्या दोघींनी मला थांबवले नाही आणि मला स्वतःहून थांबता येत नाही.

त्याच आठवड्यात लेकीने दुकानाचे पान बदलले. या वेळी ती मला घेऊन बसली नाही. आईच्या शेजारी बसून तिने एकेक गोष्ट विचारली. चित्र उतरवायला किती, दोरे जुळवायला किती, उसवायला किती, पाठ सरळ करायला किती. आईने खरे सांगितले. कधीकधी सांगताना ओशाळली, जणू पाठ सरळ करण्याचे कोणी पैसे मागू नयेत. जितकी चित्रात माणसे-प्राणी तितकी किंमत, असे ठरले. नमुन्याच्या मांजराच्या चित्राचा नवा आकडा जुन्याच्या अडीच पट झाला.

"कोणी घेणार नाही," आई म्हणाली.

"न घेऊ देत."

पण जुन्या भावाच्या चौतीस ऑर्डरी उरल्या होत्या. लेक म्हणाली, पैसे परत करू. आई ऐकेना. "पोरं वाट बघत असतील," म्हणाली. लेक कामावर गेली की ती रुमाल गुंडाळून बसे. तिने अशा नऊ पुऱ्या केल्या. दहाव्याला तिच्या हातून कापड ताणून धरणारी रिंगच सुटली आणि ती ओरडली. शेजारच्या माणसांनी येऊन लेकीला फोन केला. उरलेल्यातल्या सहा रीळमावशीने भरून दिल्या, कसलाही भाव न विचारता. बाकीच्यांचे पैसे परत गेले. लोकांनी काय काय लिहिले ते लेकीने आईला वाचून दाखवले नाही.

डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आणलेत. अंगठा वाकवणारा आतला स्नायूचा दोर अडकून अडकून झिजला होता. शस्त्रक्रिया झाली, सहा आठवडे पट्टी होती. आई त्या दिवसांत खिडकीपाशी बसून बोटांनी हवेत टाके मारी. लेकीने नव्या भावाचे पान उघडे ठेवले होते. तेवढीच आईला उमेद, असे तिला वाटे.

पट्टी निघाली त्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. लेकीने पाहिले आणि दोनदा पाहिले.

"आई, ऑर्डर आलीय."

"जुनी?"

"नवीन. नव्या भावाने."

आई सरसावून बसली. "भाव नीट वाचला का त्यांनी?"

"वाचलाय. खाली लिहिलंय, 'हाताचं काम आहे, किंमत योग्य आहे.' आणि ही बघ, अजून एक. त्याच बाईंच्या मैत्रिणीची."

"म्हणजे देतात लोक?" आई म्हणाली. ती हे हळू म्हणाली, स्वतःशीच म्हटल्यासारखे. "मागितलं असतं तर दिलं असतं?"

लेकीने फोन तिच्यापुढे धरला. फोनमध्ये चित्र होते. एक उभे माणूस, काडीसारखे, दोन्ही हात पसरलेले. मोजून नऊ रेघा. इतके सोपे चित्र आईकडे कधीच आले नव्हते.

आईने उशीची सुई काढली. अंगठा बोटापर्यंत गेला, पण टेकला नाही. सुई मांडीवर पडली. तिने ती डाव्या हाताने उचलून उजव्या बोटांत ठेवली. ती पुन्हा पडली. तिसऱ्यांदा ती फरशीवर पडली तेव्हा लेकीने उचलली, आणि आईने हात पुढे केला तरी परत दिली नाही. उशीला टोचून ठेवली. मग तिने फोन घेतला, दोन्ही ऑर्डरींना उत्तरे लिहिली आणि पान बंद केले. आई त्या नऊ रेघांकडे बघत राहिली. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मला कोणी सुरू केले नव्हते.

आता लेक औषधाच्या दुकानातच आहे. आईच्या हाताला चमचा धरता येतो, कुलूप लावता येते, सुई धरता येत नाही. ती मला अधूनमधून खणातून काढते, काच पुसते आणि परत ठेवते. किल्ली देत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. कोणाच्या तरी कामाची किंमत तुम्हाला ठरवावी लागेल. तेव्हा माझ्यासारखे एखादे यंत्र तुमच्या हातात असेल, आणि ते खरेच सांगेल. तरीही नुसते त्याच्यावर विसंबू नका. ज्याचे काम आहे त्याच्याजवळ जाऊन बसा, सुरुवातीच्या आधीपासून शेवटच्या नंतरपर्यंत. त्याला विचारा, दमलात का? हात दुखतो का? पहिल्यांदा तो नाही म्हणेल. सगळेच म्हणतात.

दुसऱ्यांदा विचारा.